खालचा डावा ई

"मग तू कोण आहेस?" शमूने विचारलं. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस, आरशातून माझ्याकडे बघत. मी एवढंच म्हणालो होतो की आज साडेअकराला आपल्याला मुलुंडला जायचंय, दातांच्या डॉक्टरांकडे. हे वाक्य मी काल दिवसभर मेण कोरता कोरता तयार केलं होतं. क्लिनिकने पालकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना पाठवल्या होत्या. सुई, दुखणं आणि काढणं हे तीन शब्द मुलांसमोर उच्चारू नका, असं त्यांत होतं. मी ते तिन्ही काढून टाकले होते. ती अडली चौथ्या शब्दाला. तिच्या लेखी डॉक्टर तिच्या मागेच उभा होता, बनियनवर, हातात टॉवेल घेऊन.

मी म्हणालो, मी मोठ्या माणसांचा डॉक्टर, ह्या मॅडम लहान मुलांच्या. तिने चूळ भरली. पटलं असेल असं नाही, पण सात वर्षांची मुलं बरंच काही न पटता पुढे ढकलतात. फेसात थोडं रक्त होतं. मी नळ सोडला.

मी डॉक्टर नाही. मी घाटकोपर पश्चिमेला रतनभाईंच्या डेंटल लॅबमध्ये कारागीर आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, साच्यावर मेणाचा दात कोरतो, मग त्याची कॅप होते, कवळी होते, डबीत बसून परत जाते. डबीवर चिठ्ठी असते. वीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचतोय. पेशंट अमुक, वय तमुक, खालचा उजवा सहा, शेड ए-टू. माणूस येत नाही, त्याचा जबडा येतो. स्टेशनच्या पुलावर समोरून कोणी हसत आला तर मला कधी कधी माझं काम ओळखू येतं, वरचे चार, शेड जरा पिवळी घ्यायला हवी होती. तो मला ओळखत नाही. रतनभाईंनी पहिल्या दिवशी नियम सांगितला होता तो एकच. तोंडात हात घालायचा नाही. साचा आपला, तोंड डॉक्टरचं. आमच्यातला किरण घरी बसून परस्पर कवळ्या बसवायला लागला, तर पंधरा दिवसांत डॉक्टरांच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. हा लॅबवाला पेशंट बघतो. त्यानंतर किरणला घाटकोपर ते विक्रोळी कोणी कामावर ठेवलं नाही. म्हणून मुलुंड. मुलुंडच्या ह्या डॉ. श्वेतांचं काम आमच्याकडे येत नाही, ह्याची मी दोनदा खात्री करून घेतली होती.

पेशंट: शर्मिष्ठा सिद्धेश परब. वय: ७. दात: खालचा डावा ई. शेड:

दुधाच्या दातांना आकडे नसतात, अक्षरं असतात. ए पुढचा, ई सगळ्यात मागची दाढ. बुधवारी शमूच्या खालच्या डाव्या ई-खाली, हिरडीवर, भिजलेल्या साबुदाण्याएवढा फोड आला. दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून ती खूश होती, आणि दुखत नाही म्हणूनच मी मुलुंडला फोन लावला. दात बरा झाला की दुखायचा थांबतो आणि मेला तरी थांबतो. बाहेरून फरक कळत नाही. चिठ्ठीवर लिहायची सोय नाही.

श्रुतिका सव्वानऊला निघाली. तिच्या बँकेत हा शनिवार चालू असतो. चप्पल चढवताना म्हणाली, "चला डॉक्टरसाहेब, पेशंट सांभाळा." हे ती पूर्वी हसून म्हणायची. आता नुसतं म्हणते. आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं की तू रजा टाकशील का, मी लॅबमध्ये थांबतो. त्यावर ती भाजी निवडता निवडता म्हणाली की लशीच्या वेळी प्रत्येकदा मीच गेलेय, तिला धरून बसलेय, माझ्या हातावर तिच्या नखांच्या खुणा आहेत. हा दात तुझा आहे. तू केलायस, तूच ने. मला त्या बाईसमोर तोंड उघडायला लावू नकोस. तिचंही बरोबर होतं. पण सुरुवात तिने केली होती असं मी मनात म्हणालो, आणि असं मनात म्हणत म्हणत आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली.

सुरुवात म्हणजे शाळा. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे श्रुतिकाने लिहिलं, डेंटल फील्ड. खोटं नव्हतं. मुलाखतीला मुख्याध्यापिका फॉर्म वाचून म्हणाल्या, अरे वा, आमच्याकडे डेंटिस्ट पालक नव्हतेच कोणी. श्रुतिकाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी श्रुतिकाकडे पाहिलं नाही. खुर्चीत शमू बसली होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ती ते हलवत होती. नाही हो, मी लॅबमध्ये असतो, एवढंच म्हणायचं होतं. बाई पुढच्या पानावर गेल्या. पहिलीत असताना शाळेत कम्युनिटी हेल्पर्सचा आठवडा आला. एका मुलाचे वडील पोलीस होते, ते गणवेशात आले. मी पांढरा कोट घालून गेलो. लॅबमध्ये आम्ही निळे एप्रन घालतो. पांढरा मी त्यासाठी विकत आणला. प्लास्टरचे दोन जबडे नेले. मिस म्हणाली, वेलकम डॉक्टर परब, आणि पस्तीस पोरं उभी राहून तेच ओरडली. शमू दुसऱ्या बाकावर होती. तिचा चेहरा. तो चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही आणि तो पुन्हा पाहता यावा म्हणून मी काहीही केलं असतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पोरं रांगेत येऊन तोंडं उघडून दाखवत होती. मी एकेकाला गुड म्हणत होतो. शाळा सुटल्यावर एक आई फाटकाशी थांबली होती, मुलाचा सुळा तिरका येतोय म्हणाली. मी सांगितलं, सहा महिने वाट बघा. तिने थँक यू डॉक्टर म्हटलं आणि रिक्षात बसेपर्यंत ते माझ्या अंगावर अत्तरासारखं होतं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, असं काही लागायचं नाही. गिरणी बंद पडली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि आप्पांनी ओळखीने मला रतनभाईंकडे चिकटवलं. तिथल्या बाळ मिस्त्रींनी मला अंगाच्या साबणाच्या वडीवर दाढ कोरायला शिकवली. घरी सगळ्यांच्या आंघोळीच्या साबणाला दाढा यायला लागल्या. गावाला गेलो की आप्पा एसटीच्या थांब्यापासूनच सुरू व्हायचे. माजो झील दात करता. दात करता म्हणजे काय रे दादू, असं कोणी विचारलं की आप्पा आपले उरलेले सहा दाखवून म्हणायचे, हे देवान केले, पडतले. ह्यो करता ते पडणत नाय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगायचो की आप्पा, लॅबमध्ये आहे म्हणा, दात करतो म्हणू नका. ते माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना खरंच कळत नसे की दोहोंत लाजण्यासारखं कोणतं. मी एकट्याने केलेली पहिली कवळी आप्पांची, ते सहाही पडल्यावर. अठ्ठावीस दात, एकेक लावून. एका लग्नात त्यांनी ती दिवसभर घातली, रात्री काढून पेल्यात ठेवली, आणि नंतर परत हात लावला नाही. हिरड्यांनी भाकरी मोडून खायचे. मी विचारलं तर म्हणाले, "हे दात माजे न्हयत रे, तुजे. तूच घाल." चिडून नव्हे. वस्तू ज्याची त्याला परत द्यावी तसं. ते गेले तेव्हा तोंड आत गेलेलं होतं आणि नात्यातलं कोणीतरी म्हणालं, कवळी बसव, चेहरा भरेल. मी बसवायला गेलो. जबडा आक्रसला होता, कवळी नुसती वाजत होती. बायका बघत होत्या. मी ती काढून खिशात टाकली आणि स्मशानातून परत येईपर्यंत ती माझ्या मांडीला टोचत होती. मी तोंडात हात घातला असेल तर तो तेव्हा पहिल्यांदा. नियमात मेलेल्यांबद्दल काही नव्हतं.

दुसऱ्यांदा सप्टेंबरात. रविवार, दुपार. श्रुतिका बहिणीकडे बारशाला गेली होती. शमूच्या दाढेत चिक्कीचा तुकडा अडकला आणि ती गालावर हात ठेवून रडायला लागली. मी बघितलं, छोटासा खड्डा होता. घरात तात्पुरतं भरायचं सिमेंट होतं, पावडर आणि लवंगेच्या तेलाची बाटली, लॅबसाठी आणलेलं. मी खड्डा साफ केला, सिमेंट भरलं. दुखायचं थांबलं. श्रुतिका आली तेव्हा शमूने तोंड उघडून दाखवलं. संपलं.

हे मी श्रुतिकाला सांगितलं तसं आहे.

पुन्हा सांगतो. खड्डा छोटा नव्हता. मोबाइलच्या उजेडात मला त्याचा तळ दिसला नाही. आणि शमू आधी आठ दिवस म्हणत होती की गार पाणी लागतं. मी म्हणत होतो, लागतं कधी कधी. सिमेंट घरात नव्हतं, मी शनिवारीच सामानाच्या दुकानातून ते वेगळं घेतलं होतं. म्हणजे मी बारशाची वाट बघत होतो. मेणाची सुरी मी उकळून घेतली. तिला डायनिंगच्या खुर्चीत बसवलं, मानेखाली उशी, गळ्याभोवती स्वच्छ नॅपकिन. ती स्वतः हसत होती. म्हणाली, आता मी तुझी पेशंट ना, आता मला डॉक्टर म्हणू दे, बाबा नाही. एवढं स्थिर तोंड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अर्थात तोंडं मी पाहिलेलीच नव्हती. पहिली गोष्ट, जीभ. साच्याला जीभ नसते. ती मध्ये येत होती, कोमट, सुरी कुठे जाते ते चाचपत. दुसरी, दात ओला होता आणि ओलाच राहत होता. मी खरवडलं तेव्हा शमूचं पाऊल खुर्चीवरून उडालं. डोळ्यांतून पाणी कानात गेलं. पण तोंड तिने मिटलं नाही. मी थांबायला हवं होतं. मला ते कळतं, आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर कळणारी गोष्ट आहे ती, इतका खोल खड्डा म्हणजे आतली नस उघडी. मी थांबलो नाही, कारण तोंड उघडं होतं. माझ्यावर एवढा विश्वास ठेवून कोणी कधी काही उघडं ठेवलं नव्हतं. मी सिमेंट भरलं, दाबलं, कडा मिळवल्या, वर दाढेच्या खाचासुद्धा कोरल्या. बाळ मिस्त्रींनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. शमू म्हणाली, "थँक यू डॉक्टर." आणि मग आम्ही दोघांनी आइस्क्रीम खाल्लं, आणि ती दुपार, मी खोटं कशाला बोलू, ती माझी सगळ्यात सुखाची दुपार होती. त्या वेळी तिच्या दाढेत नस मरत होती.

श्रुतिकाने तोंडात बघून एकच विचारलं, बाहेर नाही ना सांगणार ही? शमूने मान हलवली. एवढ्या दिवसांत तिने शाळेत सांगितलं नाही. हे मी तिचं शहाणपण समजत होतो.

दहा वाजता मी तयारीला बसलो. सूचनांमध्ये होतं की घरी आदल्या दिवशी डॉक्टर-डॉक्टर खेळा, चमच्याने दात मोजा, मुलाला आरसा धरू द्या. शमू आपणहून डायनिंगच्या खुर्चीत बसली, उशी मानेखाली घेतली. तिला सराव होता. मी चमचा घेतला. एक, दोन, तीन. चमच्याची पाठ ई-पाशी आली तेव्हा तिचा श्वास नाकाला लागला, घाणेरडा वास, सात वर्षांच्या मुलीच्या तोंडाला येऊ नये तसा. मी म्हणालो, मॅडम अशाच मोजतील. मग एक गार वारा सोडतील, मग पाण्याचा फवारा. ती मान डोलवत होती. त्यांची खुर्ची वरखाली होते का, असं तिने विचारलं. होते म्हणालो. तुझी होते? माझी पण होते. मला आधी दात मोजायचे होते आणि मग ते दुसरं सांगायचं होतं. सगळी तयारी त्या दुसऱ्यासाठी होती.

"मॅडम विचारतील, ही दाढ कोणी भरली? तर काय सांगायचं?"

"बाबांनी."

"नाही. आठवत नाही म्हणायचं."

"पण मला आठवतं."

"माहितीये. फक्त म्हणायचं."

तिने चमचा माझ्या हातातून घेतला आणि त्यात आपलं उलटं तोंड बघितलं. मग का, असं विचारलं. मी म्हणालो, डॉक्टर लोकांना दुसऱ्या डॉक्टरने केलेलं काम आवडत नाही. हे मला इतकं सहज सुचलं की मी स्वतःच दचकलो. "मग त्या कोणाला ओरडतील, मला की तुला?" मी म्हणालो, मला. "खूप?" मी म्हणालो, थोडं. "यार बाबा," ती म्हणाली, अगदी श्रुतिकासारखी, आणि चमचा टेबलावर ठेवला.

त्या वेळी सांगता आलं असतं. सूचनांमध्ये पाचवी होती की मुलाला खरं सांगा, पण थोडं सांगा. मी मनात वाक्य लावून पाहिलं. शमू, मी दात बनवतो, दात बघत नाही. वाक्य चांगलं होतं, छोटं होतं, मुलांना कळेल असं होतं. मी तिला गुलाबी फ्रॉक काढून दिला. ती म्हणाली हा नको, ह्याचे खिसे खोटे आहेत. मग जीन्स. मग केस. वाक्य तसंच राहिलं.

पेशंट:

नको.

रिक्षा एलबीएस रोडने निघाली. मेट्रोचे खांब, पत्रे, मध्येच अरुंद झालेला रस्ता. कांजूरपर्यंत ती काहीबाही विचारत होती, क्लिनिकमध्ये टीव्ही असतो का, तिथे बाकीची मुलं रडतात का. भांडुपनंतर तिने विचारणं थांबवलं आणि ओठ हलवायला लागली. मला वाटलं गाणं म्हणतेय. ती पाठ करत होती. आठवत नाही. आठवत नाही. शाळेत वर्गापुढे उभं राहून बोलायचं असतं तेव्हा ती असंच करते. मी बाहेर बघत होतो. एका दुकानावर कवळीचं मोठं चित्र होतं, दोन तासांत बसवून देऊ असं लिहिलेलं.

डॉ. श्वेता तिशीच्या असतील. त्यांनी आधी शमूशी हात मिळवला, माझ्याशी नंतर. मला त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. मदतनीस रुक्मिणीताई होत्या, पन्नाशीच्या, त्यांनी शमूच्या गळ्याभोवती कागदी रुमाल अडकवला आणि खुर्ची वर करून दाखवली. शमूने वळून माझ्याकडे बघितलं, खुर्ची खरंच वर जाते हे मला कळावं म्हणून. डॉक्टरांनी दात मोजले. मराठीत मोजले. ई-पाशी थांबल्या. आरसा आत धरून, दिवा सरकवून, त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मागे न बघता म्हणाल्या, "हे आधी कुठे भरलंय?"

हा प्रश्न मला होता. मी शमूला सगळं शिकवलं होतं. मी स्वतः काय म्हणायचं ते ठरवलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. गावाला म्हणणार होतो, की ओळखीच्या एकांकडे म्हणणार होतो, काय कोण जाणे. खोलीत लवंगेचा वास आला. डॉक्टरांनी सिमेंटचा कोपरा उकरला होता.

शमूने हाताने आरसा बाजूला सारला. "मी घातलं," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या, काय घातलंस?

"क्ले. शाळेतला."

"क्लेला लवंगेचा वास नाही येत, शमू."

"मी लवंग पण घातली," शमू म्हणाली. "आईच्या डब्यातली. कुटून."

मी हे शिकवलं नव्हतं. आठवत नाही एवढंच शिकवलं होतं. ती त्याच्या पुढे गेली होती. रुक्मिणीताई हसल्या. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. माझ्या नखांत प्लास्टर असतं, ते कशाने जात नाही, आणि अंगठ्याजवळ मेणाच्या ज्योतीने भाजल्याच्या जुन्या खुणा आहेत. कोणीही डॉक्टर ओळखेल. मी हात मांड्यांखाली घातले. तेवढ्याने सगळं सांगून झालं. त्या पुन्हा शमूकडे वळल्या आणि आवाज जरा कडक करून म्हणाल्या, "असं तोंडात काहीबाही घालायचं नसतं. दातात कीड होती, ती आतच कोंडली गेली. बघ, आता तो दात वाचत नाही. पुन्हा करशील?"

त्या थांबल्या. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. टीव्हीवर आवाज बंद केलेलं कार्टून चालू होतं, एक ससा दारावर धडका देत होता. मी स्टुलावर बसलो होतो. मला सशाचे दात दिसत होते.

"सॉरी," शमू म्हणाली.

मग एक्स-रे, मग सुई. रुक्मिणीताईंनी सुई शमूच्या डोळ्यांआडून डॉक्टरांच्या हातात दिली. मी उठून जवळ गेलो आणि हात पुढे केला. शमूने रुक्मिणीताईंचा हात धरलेला होता, आणि दुसरा हात पोटावर नीट ठेवलेला होता, सांगितल्यासारखा. तो तिने हलवला नाही. ती रडली नाही. त्या दुपारसारखंच तोंड उघडं, त्या दुपारसारखंच स्थिर. डॉक्टर म्हणाल्या, फार शूर आहे. मी मान डोलवली. दात निघाला तेव्हा आवाज झाला तो मी ओळखत नव्हतो; प्लास्टरमधून दात काढताना वेगळा येतो. त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला. मुळं निम्मी विरघळलेली, काळपट, आणि वर माझं सिमेंट, एका बाजूने उकरलेलं, पण उरलेल्या तिन्ही बाजूंनी कडा अजून घट्ट. खाचा तशाच. मी वाकून बघितलं. कडा छान मिळवली होती. हे माझ्या मनात आलं, त्या क्षणी, तिच्या तोंडातून रक्त गळत असताना, हेच आलं.

डॉक्टरांनी मला बाहेर टेबलापाशी नेऊन समजावलं. ह्या जागी मोठा दात यायला अजून तीन-चार वर्षं आहेत, तोवर शेजारचे दात सरकू नयेत म्हणून एक तार बसवावी लागेल, जागा राखायला. हिरडी भरली की माप घेऊ. "लॅबमधून बनून येते ती," त्या म्हणाल्या. "चांगला कारागीर असेल तर नीट बसते. तुम्हाला माहीत असेलच." मी काय करतो हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी द्यावं लागलं असतं. म्हणाल्या, "मुलीला पुढच्या वेळी लगेच आणा. आणि तिच्यावर घालू नका." मी येस मॅडम म्हणालो. लॅबमध्ये फोनवर म्हणतो, अगदी तसंच.

परतीच्या रिक्षात तिच्या दातांमध्ये कापूस होता. अर्धा तास घट्ट चावून धरायचा, बोलायचं नाही. तिने ते फार मन लावून पाळलं. गाल सुजल्यासारखा, खालचा ओठ एका बाजूने लोंबलेला, बधिर. सोनापूरच्या सिग्नलला मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला. मी खिडकीबाहेरच्या रहदारीकडे बघत बोलायला लागलो, तुला आइस्क्रीम मिळणार, मऊ भात मिळणार, आज अभ्यास नाही. ती मान हलवत होती. मला वाटत होतं ती आता रडेल, किंवा बोट दाखवेल, किंवा श्रुतिकासारखं काहीतरी तिरकं तिच्या डोळ्यांत येईल. तसं काही नव्हतं. ती माझ्याकडे जरा काळजीने बघत होती. आजारी माणसाला रिक्षाने घरी नेताना बघतात तसं.

विक्रोळीला अर्धा तास झाला. मी टिश्यू पुढे केला. तिने कापूस काढला, बघितला, टिश्यूत गुंडाळून माझ्या हातात दिला. जिभेने ती जागा चाचपली. मग रिक्षावाल्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं, माझ्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणला. ओठ बधिर होता म्हणून शब्द जाड येत होते.

"सोमवारी मिस विचारेल ना, दात कोणी काढला. तू काढलास असं सांगू?"

मी डॉक्टर नाही हे तिला माहीत होतं. आवाज खाली आणला त्यावरून मला ते कळलं. कधीपासून, ते कळलं नाही. आज सकाळपासून असेल, नाहीतर त्या दुपारपासून, नाहीतर वर्गात मी पांढरा कोट घालून उभा होतो तेव्हापासूनही असेल. आणि तरी ती विचारत होती, मला काय बरं वाटेल ते. बाजूने एक टँकर गेला. रिक्षावाल्याने त्याला शिवी घातली. ती वाट बघत होती, ओठाच्या कोपऱ्यात आलेली लाळ तिला जाणवत नव्हती. मी ती रुमालाने पुसली.

"सांग," मी म्हणालो.